तहान नसताना मागितलेलं पाणी

मेश्रामकाकांच्या खांद्यावरच्या खाकी पिशवीत पाण्याची स्टीलची बाटली असायची. सकाळी कार्यालयातून निघताना ते ती गळ्यापर्यंत भरून घेत, झाकण दोनदा पिळून बघत आणि पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवत. मग ज्या गावी आम्ही मोजणीला जायचो तिथल्या पहिल्याच दाराशी थांबून ते म्हणायचे, "पाणी मिळेल का जी थोडं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा विसरभोळा दिसतोय. म्हातारा कसला, तेव्हा त्यांनी नुकती पन्नाशी ओलांडली होती. पण मी चोवीस वर्षांची होते, नगररचनेची ताजी पदवी होती, आणि त्या वयात पांढरे केस दिसले की समोरच्याला काही शिकवावंसं वाटतं. मी हळूच म्हटलं, "काका, तुमच्या पिशवीत आहे की पाणी." त्यांनी शांतपणे भांडं रिकामं केलं, परत दिलं आणि चार पावलं पुढं गेल्यावर म्हणाले, "ते तहानेसाठी आहे, मॅडम. हे कामासाठी होतं."

आमचं कार्यालय स्वारगेटजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकी उघडली की बसचे हॉर्न, बंद केली की उकाडा, त्यामुळे दिवसभर कुणीतरी खिडकी उघडत असे आणि कुणीतरी लावत असे. शहर ज्या गावांना गिळणार त्या गावांचे नकाशे करायचं काम ही खासगी कचेरी घ्यायची. आज कुठल्या जमिनीवर काय आहे ते बघून कागदावर रंग भरायचा. घरं पिवळी, दुकानं निळी, शाळा-देवळं तांबडी, शेती हिरवी. काहीच नसेल तिथं कागद कोरा ठेवून 'पडीक' लिहायचं. पुढच्या वीस वर्षांचे रस्ते, बागा, टाक्या मग वरचे लोक त्या कोऱ्या जागांवर आखायचे. आम्ही पडीक म्हणू ते पडीक, असा सगळा मामला होता. मी पदवीमुळे नियोजक, आणि मेश्रामकाका पंचवीस वर्षांच्या अनुभवासह सर्वेक्षक, म्हणजे कागदोपत्री माझ्या हाताखाली. ही गोष्ट आमच्या दोघांपैकी फक्त मला खरी वाटायची.

पाण्याचा उलगडा तिसऱ्या गावी झाला. एका बांधावर डबे उघडून बसलो होतो.

"पाणी कोणी दिलं, कशातून दिलं, आत बोलावलं का दारातच थांबवलं, आधी पाणी आलं का आधी आडनाव विचारलं," काका एकेक बोट दुमडत म्हणाले. "गावाचं निम्मं मोजमाप तिथंच होऊन जाते."

"पण मला तर सगळीकडे चहा मिळतो. कालच्या घरी तर पोह्यांचा आग्रह झाला."

"तेच सांगून राहिलो ना जी. तुम्ही पाहिलं ते गाव वेगळं, मी पाहिलं ते वेगळं. गट नंबर तेवढे सारखे."

मी ते बोलणं कौतुकानं ऐकलं आणि पोळीबरोबर गिळून टाकलं. कौतुक करून विसरून जाणं ही आमच्या पेठेची जुनी कला आहे.

काका भंडाऱ्याकडचे. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं 'काहून' गेलं नव्हतं. मी एकदा चिडवलं, "काका, पुण्यात 'काहून' म्हणून विचारलंत तर कुणी उत्तर देणार नाही."

"पुण्यात कसंही विचारलं तरी देत नाहीत," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले. पेन्सिल ते ब्लेडनंच तासायचे. टोकयंत्रानं शिसं घाबरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथल्या भाजीतल्या गुळाशी त्यांचं कायमचं वाकडं होतं. पहिला घास घेतला की "बाप्पा, गोड करून ठेवलं" असं म्हणून ते पिशवीतल्या डबीतून तिखट काढायचे. चालताना पावलं मोजायची सवय. उपग्रहावरून जागा दाखवणारं महागडं यंत्र आमच्याकडे आल्यावरही ते आधी पावलांनी मोजायचे आणि मग यंत्र बरोबर आहे का ते बघायचे. माझ्या लग्नात सगळे जेवणाच्या रांगेत असताना काका मंगल कार्यालयाच्या भिंतीकडेनं ओठ हलवत चालताना दिसले. स्टेजवर येऊन त्यांनी पाकीट दिलं, आशीर्वाद दिला आणि माझ्या नवऱ्याला खालच्या आवाजात सांगितलं, "हॉल सांगितल्यापेक्षा आठ फूट कमी भरला जी. पुढच्या वेळेस बघून घ्या." नवऱ्याला त्या 'पुढच्या वेळेस'चा अर्थ अजून लागलेला नाही.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ते मोठ्या डब्यातून खीर आणायचे. आम्ही सगळे खायचो. एक वरिष्ठ लेखनिक होते, त्यांचा त्या दिवशी नेमका उपास असायचा. आधीच्या वर्षी सोमवार होता, नंतर कधी गुरुवार होता, तरी उपास ठरलेला. काका दरवर्षी त्यांच्यासाठी एक वाटी भरून झाकून ठेवायचे आणि संध्याकाळी ती स्वतः खायचे. मी चिडून विचारलं, कशाला ठेवता? तर म्हणाले, "एखाद्या वर्षी उपास सुटला त्यांचा, अन् वाटीच नसली, तर माझी फजिती होईल ना." हे ते हसत म्हणाले. मला मात्र त्या लेखनिकाच्या डोक्यावर ती वाटी उपडी करावीशी वाटली होती.

त्यांची आणखी एक सवय साहेबांच्या डोक्यात जायची. सर्वेक्षणाच्या छापील कागदावर गट क्रमांक, वापर, मजले एवढेच रकाने असायचे. काका पट्टीनं शेवटी एक जास्तीचा रकाना आखायचे आणि वर लिहायचे, 'कोणाला विचारलं, कुठं उभं राहून पाहिलं.' आम्हा सगळ्यांनाही तो भरायला लावायचे. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "मेश्राम, नकाशाला आडनाव नसतं."

"काढणाऱ्याला असते, साहेब," काका म्हणाले.

साहेबांनी खिडकी लावली.

हा रकाना मला पुढं फार महागात पडला, आणि त्याच्याइतका उपयोगाचाही दुसरा कुठला पडला नाही. मांजरीच्या पलीकडचं एक गाव होतं. उसाची शेतं आणि मधूनच बारा मजली इमारतींचे सांगाडे. आम्ही अर्धं गाव केलं आणि काका टायफॉइडनं आडवे झाले. मुदत जवळ आली होती. उरलेली पाच पानं मी एकटीनं केली.

मे महिना होता. एका माजी सरपंचांच्या ओसरीवर मला पंखा लावून दिला, चहा झाला, वर कैरीचं पन्हं झालं. माणूस मोठा अगत्याचा. गावाची खडान्खडा माहिती त्यांना होती. नकाशावर ओढ्यापलीकडचा एक तुकडा दाखवून मी विचारलं, इथं काय आहे?

"त्ये व्हय? तितं काय न्हाय. पड हाय. बाभळी हायेत नुसत्या."

तरी मी ओढ्यापर्यंत गेले. अलीकडच्या काठावरून पाहिलं. बाभळी होत्या, एक कडुनिंब होता, त्याखाली काही चुना लावलेले दगड होते. ओढ्यात गुडघाभर चिखल होता आणि माझ्या पायात नव्या चपला होत्या. मी तिथूनच 'पडीक' लिहिलं आणि परतले. ते माजी सरपंच खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. जन्मभर त्या ओसरीवरून बघितल्यावर त्यांना तिथं खरोखरच काही दिसत नसावं. मलाही ओसरीवर बसल्यावर दिसलं नाही.

काका तीन आठवड्यांनी कामावर आले, सदरा अंगावर लोंबत होता. आल्या आल्या माझी पानं मागितली. तोवर ती वर गेली होती, आणि कच्च्या आराखड्यात त्या कोऱ्या तुकड्यावर कचरा वेगळा करण्याचं केंद्र आखूनही झालं होतं. काकांनी माझ्या प्रती पाहिल्या, शेवटच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. पाच पानं, नऊ नावं, एकच आळी.

"मॅडम, पाणी किती ठिकाणी प्यालात?"

"एकाच. पन्हं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. त्यांनी पॅन्ट दुमडली, चपला हातात घेतल्या आणि ओढ्यात उतरले. मीही उतरले. पलीकडे चढावर पंचवीस-तीस घरं होती, निळा झेंडा होता, एक छोटंसं विहार होतं. ही घरं माझ्या नकाशावर होती, पिवळा रंग उपग्रहाच्या चित्रावरून मीच भरला होता. फक्त मी त्या घरांत राहणाऱ्या कुणाशी बोलले नव्हते. काकांनी पहिल्या दाराशी पाणी मागितलं. हौसाबाई नावाच्या सत्तरीच्या बाईंनी चटकन घोंगडी टाकून बसवलं आणि माठातलं पाणी दिलं.

"बाई, त्या निंबाखाली काय आहे जी?" काकांनी विचारलं.

"आमची मानसं हायेत की. माजा मालक हाय, सासू-सासरा हाय. ती कडंची ल्हान धोंड दिसती न्हवं, ती माजी पोरगी. तीन वर्साची हुती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "का वो ताई? काय लिवलंय तितं?"

मी काकांकडे पाहिलं. ते भांड्यात बघत होते. मला सांगावंच लागलं, "पडीक लिहिलंय. मी लिहिलंय."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खरंच न कळून विचारलं, "पड कशी आसंल? दर पुनवंला म्या झाडून येती तितं."

परत येताना गाडीत मी रडले, हे लपवत नाही. काकांनी बाटली काढून पुढं केली.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि नकार दिला. एका पानाला दुरुस्ती पाठवली तर बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवणार? लोकांना हरकत घ्यायला मुदत असते, घेतील ते हरकत. बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, "तुम्ही लिहा पत्र. इतक्या वर्षांचा अनुभव आहे, तुमच्या शब्दाला वजन आहे."

ते हसले. इतकं थकलेलं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या शब्दाला वजन आहे ते माती-दगड मोजण्यापुरतं. ही स्मशानभूमी कोणाची आहे हे तर पाहा. मी पत्र लिहिलं तर साहेब आधी सही वाचतील. म्हणतील, मेश्राम आपल्या माणसांसाठी भांडून राहिला. मी सांगितलं तर ती तक्रार होते. तुम्ही सांगितलं तर दुरुस्ती."

"पण हे किती अन्यायाचं आहे, काका!"

"आहेच. पण आडनाव इतकी वर्षं चहा-पोह्याला कामी आलं, आज या कामी येऊ द्या ना जी."

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. विचार करत बसले तर लिहिणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखून होते. त्याच दुपारी पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य काकांनी बदलू दिलं नाही: 'मी ओढा ओलांडला नाही व एकाच आळीत चौकशी केली, त्यामुळे ही चूक झाली.' साहेबांनी ते पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं आणि अखेर वर पाठवलं. गटप्रमुखाची जागा मला मिळणार होती ती दुसऱ्याला मिळाली. काका पुढचे चार रविवार त्या वस्तीत बसून लोकांच्या हरकतींचे अर्ज भरून देत होते. एकाही अर्जावर त्यांनी स्वतःचं नाव कुठं येऊ दिलं नाही. वरून उत्तर काही आलं नाही. अशा आराखड्यांना वर्षं लागतात, माणसं बदलतात, फायली फिरतात. हौसाबाई अधूनमधून काकांना फोन करून विचारायच्या, "पुसलं का वो त्ये?"

काका निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना खण आवरायला मदत करत होते. तळाशी ट्रेसिंग कागदाची एक पिवळी पडलेली घडी निघाली. उघडली तर पुणं. सुबक अक्षर, नदी, पूल, पेठा, आणि त्यावर लाल पेन्सिलीचे ठिपके.

"हे काय मोजलंत?"

"खोल्या," ते म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा खोली शोधत होतो. तेव्हा काढला. जिथं आधी रिकामी होती अन् नाव सांगितल्यावर भरली, तिथं ठिपका." ते अगदी सहज सांगत होते, गट क्रमांक सांगावेत तसे. "शेवटी कात्रजला मिळाली. तेव्हा तिकडं शहर संपत होतं."

माझी नजर आपोआप आमच्या गल्लीकडे गेली. तीन ठिपके होते. आमचं दोन मजली घर, आणि वरच्या खोलीत कायम कुणीतरी भाडेकरू. 'तुझे बाबा माणूस पारखून घेतात,' असं आई नेहमी अभिमानानं सांगायची. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"यात घरांचे नंबर नाहीत," मी म्हटलं.

"नाही टाकले."

"तुम्ही तर सगळीकडे टाकता."

"इथं रस्ता पुरे आहे, मॅडम," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

त्यानंतर मी त्यांना किती वेळा घरी बोलावलं असेल. "येईन जी," म्हणायचे. कात्रजला त्यांच्या घरी मी कितीदा जाऊन आले, तिखट खाऊन डोळ्यांतून पाणी काढून आले. ते मात्र आमच्या गल्लीत कधी आले नाहीत. मीही त्यांना कारण विचारलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांचा फोन आला. मी आईकडे होते. "येऊ का?" म्हणाले. अर्ध्या तासात ते दारात होते. सत्तरी पार केलेली, पाठीला थोडा बाक, खांद्यावर तीच खाकी पिशवी. आईशी ओळख करून दिली. त्यांनी बसल्या बसल्या पिशवीतून एक छापील कागद काढला आणि मांडीवर पसरला. मंजूर झालेला आराखडा. ओढ्यापलीकडच्या त्या तुकड्यावर त्यांचं बोट थांबलं. कोरी जागा नव्हती तिथं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'विद्यमान स्मशानभूमी.'

मी ते चार वेळा वाचलं. "हौसाबाईंना सांगितलंत?"

"सांगायला गेलो होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन महिने झाले त्यांना जाऊन. तिथंच आहेत जी आता. पोरीच्या बाजूला."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं पाहुण्याला बोलतं करावं म्हणून विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"भंडाऱ्याकडचा. इथं येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. सुरुवातीला खोली शोधत तुमच्या या गल्लीतही फिरलो होतो."

"अगंबाई! मग आमच्याकडे नाही का विचारलंत? आमची वरची खोली भाड्यानं द्यायचीच असायची की."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे, आणि मग आईकडे. आई उत्तराची वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर खरोखरीची हळहळ होती.

"राहून गेलं असेल जी," ते म्हणाले.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी बसून राहिले. काकांनी आराखड्याची घडी घातली, घसा खाकरला आणि आईला म्हणाले, "पाणी मिळेल का जी थोडं?"

मी उठत होते, पण आईनं मला हातानं थांबवलं. गुडघ्यावर हात ठेवत ती स्वतः उठली आणि आतून तांब्या-भांडं घेऊन आली. काकांनी भांडं भरून घेतलं आणि सावकाश, थेंब न ठेवता प्यायले. मग आईला नमस्कार केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

मी गॅलरीत आले. काका भिंतीच्या कडेनं चालले होते. ओठ हलत होते, म्हणजे पावलं मोजणं चालू होतं. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले, खिशातून डायरी आणि पेन्सिल काढली, काहीतरी एक ओळ लिहिली आणि कोपऱ्यावरून वळले. वळताना पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातली बाटली मला स्पष्ट दिसली. झाकण घट्ट लावलेलं होतं, आणि पिशवीला तिच्या बाजूनं चांगलाच झोक होता. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.